पुसलेला आवाज

१

दुपारचं जेवण झालं की दादा मधल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचे, हेडफोन कानांवर चढवायचे आणि स्वतःचाच आवाज ऐकायचे. त्या दिवशीही बसले. पण पडद्यावर ओळखीचं काहीच दिसेना. रोजचं समुद्राचं चित्र गायब, 'माझा आवाज' नावाचा फोल्डर गायब. नुसताच एक प्रश्न होता: नवी प्रणाली बसवायची का? दादांनी हेडफोन काढून फेकले आणि टेबलावर धडाधडा हात आपटला. घरातली माणसं धावत आली. दादांना हाक मारता येत नसल्यामुळे टेबल वाजलं की धावायचं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

हेच दादा सारी नोकरी बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकावर बोलण्यात घालवून निवृत्त झाले होते. कुठली बस कुठल्या फलाटावर लागेल आणि कुठली आज सुटणारच नाही, हे ते असं सांगायचे की खोळंबलेल्या प्रवाशालाही आपला मान राखला गेल्यासारखं वाटे. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा दादा रडले नाहीत. त्यांनी एक मायक्रोफोन आणवला आणि शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत बोलत सुटले. घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारली, वर्तमानपत्र वाचलं, जुन्या भांडणांचे दोन्ही बाजूंचे संवाद म्हटले, स्वतः रचलेली एक लांबलचक गोष्ट सांगितली आणि मधूनमधून हसले. ते सगळं त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये होतं. दादांचा आवाज जगात फक्त तेवढाच उरला होता.

कॉम्प्युटर पुसायचं ठरलं होतं, यात गुपित काही नव्हतं. सूनबाई शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी घरून मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्या कामाला नवं मशीन परवडणारं नव्हतं. जुनी डिस्क पुसून, नव्याने फॉरमॅट करून वापरायची आणि आधी दादांचा आवाज एका पेनड्राइव्हवर काढून ठेवायचा, असं सगळ्यांच्या देखत ठरलं. मुलाने काढला. "झालं माझं, आता पुसा खुशाल," असंही तो म्हणाला.

आता त्याने तो पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. सगळी नावं जागच्या जागी होती. एकावर टिचकी मारली, तर 'मूळ फाइल सापडत नाही' असं उत्तर आलं. दुसऱ्यावर मारली, तेच. वडिलांना सोपं जावं म्हणून त्यानेच पूर्वी पडद्यावर मांडून ठेवलेले शॉर्टकट तेवढे त्याने उचलले होते. म्हणजे पत्ते नेले आणि घरं तिथेच राहिली.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने त्याच दिवशी डिस्क उपसून हरवलेला डेटा काढून देणाऱ्या दुकानात नेऊन दिली. दुकानातल्या बाईंनी धीर दिला. साधं फॉरमॅट केलं असेल तर वरची यादी तेवढी जाते, खाली सगळं शाबूत असतं, काढून देऊ, म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"काहीच नाही हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. साध्या फॉरमॅटने असं होत नाही. पूर्ण पुसून काढायला लावलं, तासन् तास चालू ठेवलं, तरच होतं. हे चुकून झालेलं नाही."

फोन स्पीकरवर होता. मुलाने हळूहळू मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिने त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन एक फोन केला.

"आत्या, तुम्ही या. या घरात माझ्यावर कुणाचा विश्वास उरला नाही."

२

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची तपासणी करून निवृत्त झालेली. आग लागली की लावली, एवढं एकच शोधण्यात तिची हयात गेली होती, आणि निवृत्तीने स्वभाव काही निवृत्त झाला नव्हता. साखरेचा डबा रिकामा दिसला तरी ती आधी मुंग्यांची चौकशी करी. घरात तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ती आली ती पिशवी खांद्यावरून न उतरवता भाच्यापुढे उभी राहिली.

"तुझी बायको असं का करेल, ते आधी सांग."

"आत्या, मी तसं म्हटलेलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंस. पुढे बोल."

भाच्याने खाली पाहिलं. "तिला दुपारी कॉम्प्युटर मिळायचा नाही. बाबा तासन् तास ऐकत बसायचे. मागच्याच आठवड्यात ती वैतागून म्हणाली, हा आवाज कधी संपणार आहे का? मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि ज्या दिवशी मशीन पुसलं, त्या सकाळी मी बाबांना तपासणीसाठी दवाखान्यात नेलं होतं. मशीन पुसायला लावून शाळेत जायचं आणि दुपारी आल्यावर साध्या फॉरमॅटचा देखावा करायचा, यात अवघड काय आहे?"

"आणि शॉर्टकट उचलणारा गाढव कोण?"

स्वतःची चूक झाकायला माणूस दुसऱ्याचा गुन्हा किती हौसेने मोठा करतो, हे आत्याने जन्मभर पाहिलं होतं. पण म्हणून त्याचं बोलणं खोटंच असेल, असंही तिला वाटेना.

वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, स्वयंपाकघरात कुकरचा ढिला झालेला कान बसवत होत्या. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्यांनी दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. बारीक स्क्रूंशी त्यांचं सख्य होतं. स्क्रू काढला, जुन्या दातब्रशने खाच घासली, फडक्याने पुसली, मगच नवा स्क्रू आत गेला.

"वन्सं, बसा ना. चहा टाकते."

"चहा नंतर. त्या सकाळी घरात कोण होतं?"

"मीच. म्हणजे मागे कपडे वाळत घालत होते बराच वेळ. सूनबाईचा भाऊ पेनड्राइव्ह द्यायला आला होता, ते नवीन काय ते बसवायचं असतं त्याचा. बसला असेल मशीनपाशी घटकाभर. मला काही त्यातलं कळत नाही."

"तो आत आला होता?"

"आला असेल," वहिनी स्क्रू पिळत म्हणाल्या. "पोरीवर उगाच खापर नका फोडू हो वन्सं. ती वाईट नाही."

आत्याला ते बोलणं चांगलं वाटलं. पण बाहेर येताना काहीतरी टोचत राहिलं. काय ते लक्षात येईना.

आतल्या खोलीत सूनबाई कपाट उघडं टाकून बॅग भरत होती.

३

"कुठे निघालीस?"

"भावाकडे. इथे जेवायला बसलं की सगळ्यांचे हात थांबतात, आत्या. बाबा तर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत." तिने कपाटातून एक साडी ओढली. "मी बोलले ते खरं आहे. वैतागले होते, बोलून गेले. पण त्यांचा आवाज पुसेन मी? मला ते पहिल्यांदा 'सूनबाई' म्हणाले ते त्यात आहे."

आत्याने तिच्या हातातली साडी काढून घेतली. "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. मग मीच तुला रिक्षात बसवून देईन, नाहीतर तुझ्या नवऱ्याला."

सूनबाईला रडता रडता हसू फुटलं.

तिचा भाऊ प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोहोचली, तेव्हा तो शाईने बरबटलेले हात पुसत होता. दादांचं नाव निघताच त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"आत्या, माझा काही संबंध नाही. मी पेनड्राइव्ह दिला आणि निघालो."

"आत जाऊन मशीनपाशी बसला होतास."

"छे! दारातूनच दिला. तुमच्या वहिनींनी दार अर्धंच उघडलं. काम चालू आहे म्हणाल्या. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून मला जरा लागलंच ते."

वहिनी आणि हा, दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं आणि समोरचा तर घामाने निथळत होता. आत्याने स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं. "मग एवढा का घाबरतोस? काय दडवतोयस?"

त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. आत्याने पर्स घट्ट धरली.

"कुणाला सांगू नका," तो कुजबुजला. "पेनड्राइव्हवरचं ते सॉफ्टवेअर विकतचं नाही. इकडून तिकडून उतरवलेलं आहे. पोलिसांपर्यंत गेलं तर माझं दुकान जाईल."

आत्याला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. एवढंसं पाप झाकायला हा पोरगा खुनी असल्यासारखा थरथरत होता. पण म्हणजे बाकीचं तो खरं बोलत होता. मग तो आत आलाच नसताना वहिनींनी त्याला मशीनपाशी का बसवलं?

४

दादा गॅलरीत बसले होते. पुढ्यात लिहून पुसायची पाटी, बोटांत स्केचपेन. गळ्यातल्या छिद्रात डॉक्टरांनी एक झडप बसवून दिली होती. छिद्रावर बोट दाबून श्वास सोडला की बोलता येतं, महिन्याभराचा सराव हवा, असं वाचा शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. दादांनी दवाखान्यात एकदाच बोट दाबलं. जो आवाज निघाला तो त्यांनी ऐकला आणि त्यानंतर बोट तिकडे गेलं नाही. हट्टी माणूस. लहानपणी पोहायला शिकताना एकदा नाकात पाणी गेलं तर आयुष्यभर काठावर बसून राहिला.

"दादा, तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

त्यांनी पाटीवर लिहिलं: कुणाचाही नाही. आता काय उपयोग?

"शेवटचं कधी ऐकलंत?"

तपासणीच्या आदल्या दुपारी, असं त्यांनी लिहिलं. मग पुसून लिहिलं: त्यात तुला मारलेल्या हाका आहेत. ऐकल्यास कधी?

आत्याने मान हलवली. ऐकल्या नव्हत्या. ऐकू, ऐकू म्हणत राहून गेलं होतं. तिला एकाएकी भडभडून आलं आणि ती तशीच उठून आत गेली. चौकशी करणाऱ्याने रडायचं नसतं, असं ती हाताखालच्या पोरांना शिकवत असे. तो नियम काय सख्ख्या भावाच्या घरासाठी केला नव्हता.

चूळ भरून, तोंड पुसून ती सूनबाईकडे गेली. "मला सगळं पहिल्यापासून सांग. काय दाबलंस, काय दिसलं. अगदी मूर्खपणाचं वाटलं तरी सांग."

"मी शाळेतून आले. भावाने कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. पेनड्राइव्ह लावला आणि मशीन त्याच्यावरून सुरू केलं, म्हणजे जुनं काही उघडलंच नाही. मग डिस्कचे भाग दाखवणारा पडदा येतो. त्याने लिहिलं होतं, तिथे तीन-चार ओळी दिसतील, एकेक निवडून काढून टाक, मग फॉरमॅट कर."

"काढल्यास?"

"काढाव्याच लागल्या नाहीत. एकच ओळ होती. 'रिकामी जागा', एवढंच लिहिलेलं. मला वाटलं, चला, काम सोपं झालं. फॉरमॅट दाबलं. दूध तापायला लागतो तेवढ्या वेळात झालंसुद्धा. मग म्हटलं, पुढचं जेवून करू."

आत्या उभीच राहिली. "हे तू नवऱ्याला सांगितलंस?"

"त्याने विचारलं कुठे? तो फक्त म्हणतो, कबूल कर."

दादांनी आदल्या दुपारी आवाज ऐकला होता. दुसऱ्या दुपारी, सूनबाईचं बोट लागायच्या आधीच, डिस्क रिकामी होती. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. आणि त्या पालीला ती फार पूर्वीपासून ओळखत होती.

५

आत्याच्या नोकरीच्या काळात कापडाच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम जळालं होतं. शटर जळालं, छप्पर जळालं, सगळं खाक झालं, म्हणून तो छाती पिटत होता. सगळ्यांनी आग कुणी लावली ते शोधलं. आत्याने राख मोजायला लावली. एवढ्या कापडाची राख एवढीशी कशी? तेव्हा उघड झालं, की कापड आधीच हलवलेलं होतं आणि जळालं ते रिकामं गोदाम. मग ती नेहमी म्हणे, जळलं का हे विचारायच्या आधी, होतं का ते विचारा.

तिने डेटा काढणाऱ्या दुकानातल्या बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्याकडे आमची डिस्क आहे. पूर्ण पुसलेली डिस्क आणि कधीच काही न भरलेली कोरी डिस्क, यांत तुम्हाला फरक कळतो का?"

"आत पाहिलं तर दोन्हीकडे शून्यच दिसणार. पण किती चालली आहे, ते डिस्क सांगते. मोजणी असते तिच्यात. थांबा, बघते." पलीकडे थोडा वेळ कळफलक वाजला. "अहो, ही तर नवी कोरी आहे. एखादा दिवससुद्धा चाललेली नाही. का हो?"

"आमचा कॉम्प्युटर सूनबाई घरात यायच्या आधीपासून रोज चालतो."

"मग ही त्याची डिस्क नव्हे. साहेबांनी नुसती डिस्क आणून दिली. ती कशातून काढली ते मला काय माहीत? काही परत मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं."

"तुमचं काही चुकलं नाही. चुकलं आमचं," म्हणून आत्याने फोन ठेवला.

म्हणजे आवाज पुसलाच गेला नव्हता. कुणीतरी जुनी डिस्क काढून घेतली होती आणि तिच्या जागी नवी बसवून ठेवली होती.

आत्याला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या मागोमाग एक विचार आला. चोर जुनी वस्तू काढून नवी ठेवून जात नाही.

६

मधल्या खोलीत कॉम्प्युटरची पेटी तशीच उघडी पडली होती. आत्याने ती भिंतीपासून पुढे ओढली. मागच्या बाजूला बोटभर जळमटं. आत डोकावली, तर पंख्याच्या पात्यांवरसुद्धा धुळीचा कण नाही.

"पेटी उघडलीस तेव्हा साफ केली होतीस का रे?" तिने भाच्याला हाक मारून विचारलं.

"साफ? माझे हात कापत होते, आत्या. डिस्क ओढली आणि पळालो."

आत्या खाली बसली आणि मनाशी एकेकाला बाद करू लागली. भाच्याने बदलली असती, तर ती नवी डिस्क त्याने तपासणाऱ्या दुकानात कशाला नेली असती? पहिल्याच प्रश्नात बिंग फुटलं असतं. सूनबाईने बदलली असती, तर त्या एका ओळीची गोष्ट तिने आपणहून सांगितली नसती. तिचा भाऊ उंबरठ्याच्या आत आला नव्हता. उरलं कोण? ज्याला आवाज नष्ट करायचा नव्हता. ज्याला सूनबाईचं कामही अडू द्यायचं नव्हतं, म्हणून पदरचे पैसे घालून नवी डिस्क आणली. आणि ज्याला कुठलीही वस्तू घासल्यापुसल्याशिवाय उघडता येत नाही.

आता तिला कळलं काल काय टोचत होतं ते. ज्याचं खरंच जळतं, तो माणूस आधी विचारतो, काही वाचलं का? दादांचा आवाज परत मिळेल का, हे वहिनींनी एकदाही विचारलं नव्हतं.

वहिनी भाजी निवडत होत्या. आत्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"डिस्क कुठे आहे, वहिनी?"

वहिनींचे हात थांबले. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत की आकांडतांडव केलं नाही. सगळी भाजी एका बाजूला सारली आणि पदराने हात पुसले.

"दुकानात खूण सांगितली आणि तसलीच नवी आणली. चार स्क्रू आणि दोन वायरी, वन्सं. कवळी याच्यापेक्षा अवघड."

"पण का?"

"त्या वाचावाल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, यांच्या गळ्याला काही झालेलं नाही, हे आज बोलू शकतात. पण यांना जुना आवाजच हवा आहे. तो कानांत आहे तोवर हे नव्याला हात लावणार नाहीत. वन्सं, ते रोज दुपारी स्वतःला ऐकतात आणि मी समोर बसलेली असते. मी पाटी वाचते. मीठ कमी आहे, पंखा लाव, झोपतो. मला त्या डिस्कमध्ये हाका मारून ठेवल्यात आणि मी इथे जिवंत आहे." त्यांचा आवाज फुटला. "म्हटलं, काही दिवस लपवावी. मुलाने नीट उतरवलेलंच असेल, म्हणून तो पेनड्राइव्हही उचलायचा बेत होता. त्याने त्यात काही घेतलंच नव्हतं, ते मला काय ठाऊक?"

"आणि पोरीचं काय?" आत्या भडकली. "ती इतके दिवस चोरासारखी वावरते आहे. तुमच्या मुलाचा संसार मोडायला आलाय आणि तुम्ही मूग गिळून बसलात. वर आत न आलेल्या तिच्या भावाला मशीनपाशी बसवलंत!"

"घाबरले," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी बोलले नाही, मग दुसऱ्या दिवशी कसं बोलू ते कळेना. पण वन्सं, एवढं ऐका. आता डिस्क दिली, तर ते हेडफोन लावतील ते मरेपर्यंत काढायचे नाहीत. पोरीला सोडवा. पण तेवढं नका करू."

आत्याने आजवर शेकडो लबाड पकडले होते. त्यांपैकी एकाचंही तिला मनातून पटलं नव्हतं. आज पटत होतं, आणि त्याचाच तिला राग आला.

बाहेर बॅगेची चाकं फरशीवरून खडखडत दाराकडे निघाली.

७

"कुणी कुठे जायचं नाही," आत्या दिवाणखान्यात येऊन म्हणाली. "सगळे बसा."

सूनबाई बॅगेची मूठ धरून दारातच उभी राहिली. भाचा खुर्चीच्या कडेवर टेकला. दादा गॅलरीतून पाटी घेऊन आले. सगळ्यांत शेवटी वहिनी आल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आत्याने फिरवून फिरवून सांगितलं नाही. ती एक ओळ, ती कोरी डिस्क, आतून स्वच्छ पेटी आणि अर्धं उघडलेलं दार. सांगता सांगता एकेकाची नजर वहिनींकडे वळत गेली. भाचा मधेच "आई?" म्हणाला.

"सूनबाईने रिकामी डिस्क पुसली," आत्या म्हणाली. "तिचा यात एवढाच गुन्हा. आणि तुझा," ती भाच्याकडे वळली, "तो तू स्वतःच सांग."

भाचा उठला आणि बायकोपुढे जाऊन उभा राहिला. "चूक माझी होती. ती तुझ्यावर ढकलली. दुसऱ्या कुणाला विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तुला विचारत राहिलो."

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती वहिनींकडे बघत होती.

"आई, मी रडत होते तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर तेल घातलंत. तेव्हासुद्धा बोलला नाहीत."

"नाही बोलले," वहिनी म्हणाल्या. "माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. तुला जायचं असेल तर जा. पण माझ्यावर रागावून जा, त्याच्यावर नको."

सूनबाईने बॅगेची मूठ सोडली. आत मात्र आली नाही, दारातच खाली बसली. तिचा राग गेला नव्हता आणि तो इतक्यात जाईल असं कुणाला वाटलंही नाही.

दादांनी टेबलावर हात आपटला.

सगळे वळले. दादांचा चेहरा लालबुंद झाला होता. आवाज आहे, पुसलेला नाही, याच घरात कुठेतरी आहे, एवढं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं आणि बाकी सगळं बाहेर राहिलं होतं. त्यांनी पाटी घ्यायला हात लांबवला. पण वहिनी त्यांच्या आधी तिथे पोहोचल्या. त्यांनी पाटी उचलली, स्केचपेनही उचललं आणि दोन्ही पाठीमागे धरलं.

दादांनी हात पुढे केला. वहिनींनी मान हलवली. दादांनी मुलाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. भाचा पुढे व्हायला लागला तसा आत्याने त्याचा दंड घट्ट धरला. आपण बरोबर करतोय का, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

दादांची छाती वरखाली होऊ लागली. एवढा संताप इशाऱ्यांत मावणारा नव्हता. त्यांचं बोट गळ्याकडे गेलं. पहिल्यांदा नुसतीच हवा सुटली. दुसऱ्यांदा खरखर झाली. त्यांनी डोळे मिटले, बोट दाबलं आणि सगळा श्वास पणाला लावला.

"कुठे... ठेवलीस?"

घोगरा, फाटका, कुणाच्याही ओळखीचा नसलेला आवाज. दारात बसलेली सूनबाई उठून उभी राहिली.

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. हात मात्र पाठीमागेच होते.

"पुन्हा विचारा," त्या म्हणाल्या.